मॉडरेटरकीचे रोडगे

इलेक्शनच्या गोष्टी मले नका सांगू बापा, मी सोता हरून बसलो हावो.

आमच्या ऑनलाइन गेमच्या ग्रुपचा सीनियर मॉडरेटर लगन झाल्यावर सोडून गेला. कोनाले म्यूट करायचं, कोनाले हाकलायचं, सारं त्याच्याच हाती असे. त्या जागेसाठी दोघं उभे रायलो, मी अन् बाळापूरचा एक पोट्टा. गेममधी त्याचं नाव 'वाघोबा'. तोंड त्याचं कोनीच पायलं नवतं.

मतदान होतं मोबाइलवर. पन आपल्या इकडे पंगत देल्ल्याबिगर कोनी निवडून येते काय? मी साऱ्या ग्रुपले बार्शीटाकळीले आमच्या वावरात रोडगे खाले बोलावलं. गोवऱ्यांवर भाजलेले कनकेचे रोडगे, वांग्याची भाजी, वरून तूप. सारे बोटं चाटत म्हने, "भाऊ, मत तुमालेच!"

एक बारका पोट्टा मुकाट्यानं जेवून रायला होता. त्याच्या पानात मी अजून तूप सोडलं अन् म्हन्लं, "त्या वाघोबाले मत नको देजो बरं. लय चिंधीचोर हाये तो."

तो म्हने, "नाई देत भाऊ."

निकाल लागला. मले दोन मतं, बाकी सारे वाघोबाले! एक तं माहंच होतं. दुसरं कोनाचं, म्हनून मी ग्रुपवर इचारलं.

नव्या मॉडरेटरचा मेसेज आला, "माहं. तुमचं तूप खाल्लं होतं ना भाऊ."

अन् लगेच त्याच्याखाली दुसरा, "चिंधीचोर म्हन्ल्याबद्दल आठ दिवस म्यूट."