पडदाभर

दीपंकर : पारमीला ऊठ म्हण की, आई. मागची वायर काढायची आहे मला. गाडीवाला बाहेर थांबलाय.

जयाबाई : दोनदा सांगितलं. न्हाय म्हणत्या. खुर्चीच सोडंना झाल्या.

दीपंकर : काँप्युटरवरचा क्लास सुटला ना आता तिचा? मॅडमनी परवाच कळवलंय, परीक्षेला बसवत नाही म्हणून. मग हा काँप्युटर इथं बोरगावात धूळ खात ठेवून काय करायचं? मला बेळगावात कामाला दुसरा स्क्रीन लागतोय.

जयाबाई : ने की. तूच आणलास, तूच ने. पर तिला ऊठ म्हणायला आज माझा हात उचलंना झालाय.

दीपंकर : उद्यापासून बाळाबाईंकडं शिवण शिकायला जायचं ठरलंय ना?

जयाबाई : ठरलंय. बाळाबाई म्हणाली, मशीनीवर बसायला कान कशाला लागत्यात, दे पाठवून पारमीला. चांगली बाई हाय ती. पर पारमीला दहावी व्हायचंय. सकाळधरनं तेवढंच सांगाल्या मला.

दीपंकर : आत्ता काय म्हणाली? माझ्याकडं बोट करून?

जयाबाई : तुला शेजारी बस म्हणत्या. न्यायच्या आधी एक धडा बघ म्हणत्या, तिच्यासंगं.

दीपंकर : मी बघून काय करू? मला त्या खुणा कळत नाहीत.

जयाबाई : बस रं. एवढ्या लांबनं आलाईस, धडाभर बस.

दीपंकर : बरं, लाव म्हण. हं... चालतोय की छान. बाई दिसतायत, हात दिसतायत.

जयाबाई : त्यो बारका चौकोन झाला. त्यात बाईंची बोटं तांदळाच्या दाण्याएवढी. बोटं दिसली न्हाईत तर शब्द कसा कळायचा? डोळं काचंला लावून बसती ही. म्हणून मग पडदाभर करती. आता करती बघ.

दीपंकर : हे... हे रोज असंच होतं?

जयाबाई : काय झालं?

दीपंकर : झटके देतंय. हात कपाळापाशी होता, तो एकदम पोटापाशी आला. मधलं काहीच दिसलं नाही. आणि आतला पंखा बघ कसा ओरडायला लागलाय.

जयाबाई : त्यो तर कायम ओरडतो. मला वाटायचं, एवढं मोठं चित्र म्हणल्यावर दम लागायचाच त्याला.

दीपंकर : ती काय सांगतीय? हळू सांग म्हण तिला.

जयाबाई : ती तुला न्हाय, मला सांगाल्या. म्हणत्या, मधला हात गेला की शब्दच गेला. बाईंनी मिळवा म्हणलं का वजा करा म्हणलं, तेच समजत न्हाय. मागं नेऊन परत लावलं तरी तिथंच तुटतं.

दीपंकर : मग हे आधी सांगायचं नाही का कुणाला तरी?

जयाबाई : सांगितलं की रं तिनं.

दीपंकर : कुणाला?

जयाबाई : मला. हात तुटतो, हात तुटतो, म्हणून दाखवायची. असं मनगटावर मारून. मला वाटलं तिचाच हात दुखतोय. दिवाळीपासनं तेल चोळत होते मी तिच्या मनगटाला. निपाणीला डॉक्टरकडं नेलं, त्यांनी पट्टा दिला. ती पट्टा काढून टाकायची आणि काँप्युटरकडं बोट करायची. मी म्हणायची, बसून बसूनच दुखतंय, जरा कमी बघ.

दीपंकर : आई...

जयाबाई : बाईंचा हात तुटतो म्हणत हुती ती. तिची भाषा मला येती म्हणून गल्लीत सांगत फिरते मी. आणि एवढं कळलं न्हाय.

दीपंकर : तुला मशीनचं काय ठाऊक असणार. सरक, मला सेटिंग बघू दे.

जयाबाई : ती पाणी देऊ का विचारत्या तुला.

दीपंकर : नको म्हण.

जयाबाई : काय रं, काय सापडलं?

दीपंकर : एक बटण बंद आहे यातलं.

जयाबाई : कसलं बटण?

दीपंकर : काँप्युटरात चित्रांसाठी एक वेगळी चिप असती. व्हिडिओचं वझं तिनं उचलायचं, त्याला हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन म्हणतात. ते बंद असलं की सगळं मेन प्रोसेसरच्याच डोक्यावर येतं. चित्र बारकं असलं की तो कसंबसं ओढतो. पडदाभर केलं की त्याला पुरं पडत नाही, मग मधली मधली चित्रं गाळून टाकतो.

जयाबाई : मग बंद कसं झालं ते? पारमीकडनं चुकून दाबलं गेलं आसंल.

दीपंकर : नाही.

जयाबाई : मग कुणी केलं?

दीपंकर : मी. इथनं घरून काम करत होतो ना, तेव्हा. मीटिंगमध्ये माझी स्क्रीन लोकांना काळी दिसायची, म्हणून ते बंद केलतं. मग ऑफिसनं लॅपटॉप दिला आणि हा तसाच तिच्यासमोर ठेवून गेलतो मी.

जयाबाई : परत कवा उघडून बघितलं न्हाईस?

दीपंकर : नाही.

जयाबाई : दर म्हैन्याला येतोस की रं घरी.

दीपंकर : चालू करतो आधी. ब्राउझर बंद करून परत उघडायला लागतो. हं, लाव म्हण तिला. पडदाभर कर म्हण.

जयाबाई : पंखा गप झाला.

दीपंकर : अजून जरा अडकतंय. चिप जुनी आहे, क्वालिटी एक पायरी खाली आणतो. आता विचार तिला.

जयाबाई : विचारायचं काय त्यात. तिच्याकडं बघ की. बाईंच्या हातासंगं तिचाबी हात चालालाय.

दीपंकर : गाडीवाल्याला जायला सांगून येतो मी.

जयाबाई : सांग. आणि त्या मॅडमना फोन कर.

दीपंकर : करतो. मशीनचा दोष होता म्हणून सांगतो.

जयाबाई : मशीनचा?

दीपंकर : सेटिंगचा.

जयाबाई : फोन हितंच लाव, माझ्यासमोर. आणि मोठ्यानं लाव.

दीपंकर : स्पीकरवर आवाज नीट येत नाही, आई. मी बाहेर जाऊन बोलतो.

जयाबाई : मोठ्यानं लाव म्हणते न्हवं.

(गाडी निघून गेली आहे. पुण्याच्या क्लासच्या मॅडमचा फोन स्पीकरवर आहे. पारमिता पडद्यावरची नजर काढून दोघांच्या तोंडाकडे पाहते आहे.)

दीपंकर : मॅडम, पारमिताचा भाऊ बोलतोय. इथं तिला व्हिडिओ फुल स्क्रीन केला की तुटून दिसत होता. निम्म्या खुणा तिच्यापर्यंत पोचतच नव्हत्या. आज ते लक्षात आलं आणि दुरुस्त केलंय. तिला अजून एकदा संधी मिळाली तर...

मॅडम : अहो, मग हे आत्ता का सांगताय? मी तुम्हाला मागेच फोन केला होता. ती मागे पडायला लागली तेव्हा. घरी व्हिडिओ नीट दिसतो का, हेच मी विचारलं होतं.

दीपंकर : हो, विचारलं होतं.

मॅडम : तुम्ही म्हणालात, मी कॉम्प्युटरचंच काम करतो, मशीनमध्ये काही खोट नाही. तीच पहिल्यापासून मंद आहे, तिच्यावर जास्त वेळ घालवू नका. तुम्ही घरचे, म्हणून मी ते धरून चालले. तिला स्वतःला विचारायला हवं होतं. ते मीही केलं नाही.

दीपंकर : मॅडम, मला तसं म्हणायचं...

मॅडम : राहू द्या. उद्या सकाळी मी तिच्याशी व्हिडिओवर बोलते. मागचे धडे ती पुन्हा बघणार असेल, तर तिला परीक्षेला बसवायचं मी पाहते. पण ते तिच्याशी ठरवीन. तुमच्याशी नाही.

दीपंकर : बरं. ठेवू?

मॅडम : ठेवा.

जयाबाई : मंद म्हणालास तू तिला.

दीपंकर : कामाच्या गडबडीत होतो. तोंडातनं निघून गेलं.

जयाबाई : परक्या बाईपाशी.

दीपंकर : आई, नको ना.

जयाबाई : मी काय बोलत न्हाय. पारमी विचाराल्या, मॅडम काय म्हणाल्या.

दीपंकर : सांग की, उद्या बोलणार आहेत तिच्याशी. परीक्षेला बसता येईल म्हणावं.

जयाबाई : सांगितलं.

दीपंकर : हसतीय.

जयाबाई : व्हय. तुला लई हुशार म्हणाली. बटण सापडलं म्हणून.

दीपंकर : तिला सांगितलं नाहीस कुणी बंद केलतं ते?

जयाबाई : न्हाय. आता म्हणत्या, एवढं चांगलं झालं, मग दादाचं तोंड का उतरलंय? मॅडम दादाला रागावल्या का?

दीपंकर : तेवढं नको सांगू तिला.

जयाबाई : मी न्हाय सांगणार.

दीपंकर : हं.

जयाबाई : तू सांगायचं.

दीपंकर : मला कुठं येतं तिचं बोलणं? मोबाईलवर लिहून दाखवतो.

जयाबाई : लिवलेलं तिला निम्मं कळतं. म्हणून तर ह्यो हाताचा क्लास लावला.

दीपंकर : मग तू बोल, मी सांगतो तसं. एवढ्यापुरतं.

जयाबाई : लहानपणापासनं मीच बोलत आले तुमच्या दोघांच्या मधी. जेवली का विचार, झोपली का विचार, ऊठ म्हण. यंदा वीस संपली रं तिला.

दीपंकर : ती बघतीय माझ्याकडं.

जयाबाई : मग.

दीपंकर : कसं सांगू ते तरी सांग.

जयाबाई : तिच्यासमोर बस. मान वर कर, तोंड दिसू दे तिला. आधी 'मी' म्हणायचं. बोट सोताच्या छातीवर ठेव.