समक्ष पाहिले, हयात आहेत

...नाही, तुम्हीच सांगा, साधं 'या, बसा' म्हणायला काय जातं हो माणसाचं? जीभ झिजते? दात पडतात? बरं, खुर्ची काय तुमच्या सासऱ्यानं दिलेली आहे? सरकारी खुर्ची, तिचा एक पाय आखूड, त्याच्याखाली कुणीतरी पुठ्ठ्याची घडी सरकवलेली, त्या खुर्चीवर पिशवी ठेवायची आणि समोर माझ्यासारखा सदुसष्ट वर्षांचा माणूस गुडघे धरून उभा आहे हे दिसत असूनसुद्धा मोबाइलमध्ये डोकं घालून बसायचं! तुम्हाला सांगतो, जनाची नाही तर मनाची... पण मन असायला तर पाहिजे!

मी गेलो होतो हयातीच्या दाखल्यासाठी. म्हणजे मी जिवंत आहे हे सांगायला. दरवर्षी सांगावं लागतं. बायको म्हणाली, "जाताय तर जा, पण तिथे कुणाशी भांडू नका." मी म्हटलं, मी कशाला भांडू? मी भांडत नाही, मी समजावून सांगतो. त्यावर तिनं नुसता डबा हातात दिला.

दुपारचे बारा. दुसऱ्या मजल्यावर लांबलचक हॉल, खिडक्यांना दुधी काचा, त्यामुळे आत सकाळ नाही, दुपार नाही, नुसता एक पांढरट उजेड. वर पंखे गरगरताहेत, पण वारा काही खाली पोचत नाही. पन्नास-साठ म्हातारी माणसं, आणि आवाज म्हणाल तर फक्त मोबाइलचे! एका बाईंच्या फोनवर कुठल्यातरी मालिकेतली सून रडतेय, दुसऱ्याच्या फोनवर क्रिकेट, तिसरा फोन कानाला न लावता तोंडासमोर पावासारखा धरून आपल्या भावाला शिव्या देतोय. मला नंबर मिळाला सत्याऐंशी. भिंतीवरच्या पाटीवर लाल आकडा होता छत्तीस.

म्हटलं बसावं. कुठे बसावं? एकाला म्हटलं, "जरा पिशवी उचलता का?" तर, "कोणीतरी येणारे." दुसऱ्या खुर्चीवर एकानं पाय ठेवलेले. त्याला म्हटलं, "पाय दुखतात वाटतं?" तर म्हणतो, "हो. म्हणून तर ठेवलेत." बोला! अहो, साधं 'या, बसा' म्हणायला काय जातं?

आणि तेवढ्यात, शेवटच्या रांगेतून आवाज आला...

"या. बसा."

अगदी हळू. पण त्या सगळ्या गोंगाटातून तो माझ्यापर्यंत कसा पोचला, हे मला आजतागायत कळलेलं नाही. बंद कपाटात कुणी बोलावं ना, तसा. वळून बघतो तर कोपऱ्यात, भिंतीला टेकून, एक ऐंशीच्या घरातले गृहस्थ. पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं, जाड चष्मा, आणि नजर समोर, पाटीवरच्या लाल आकड्यावर. शेजारच्या खुर्चीवर त्यांची कापडी पिशवी होती, ती सरकत सरकत त्यांच्या मांडीशी आली आणि खुर्ची मोकळी झाली.

आता सगळे मला विचारतात, त्यांचे ओठ हलले का? हात हलला का? अहो, मी काय त्यांच्या ओठांकडे बघत होतो? मी खुर्चीकडे बघत होतो!

बसलो. म्हटलं, "काका, फार उपकार झाले. हल्ली कोण विचारतं?" ते काही बोलले नाहीत. मी म्हटलं, जुनी माणसं, मोजकं बोलतात. मग मीच बोललो. पंचवीस मिनिटं बोललो. समाज कुठे चाललाय, पोरं मोठ्यांना अरेतुरे करतात, लिफ्टमध्ये कुणी कुणासाठी थांबत नाही, सगळं सांगितलं. आणि तुम्हाला सांगतो, इतकं शांतपणे माझं आजवर कुणीच ऐकून घेतलेलं नाही! बायको तरी मध्येच उठून जाते. हे मान न हलवता, एकटक. एक माशी त्यांच्या चष्म्याच्या काचेवर बसली, काचेवरून आत गेली, भुवईवर आली... यांची पापणी नाही लवली. मी मनात म्हटलं, वा! काय हा संयम!

तेवढ्यात एक दणकट तरुण आला. हातात हेल्मेट. "आजोबा, जरा धरा, आलोच," म्हणून सरळ यांच्या मांडीत हेल्मेट ठेवून चालता झाला! परवानगी नाही, काही नाही! मी ओरडणार होतो, पण बघतो तर काकांचे हात हेल्मेटभोवती गेलेले. अगदी अलगद. तान्हं मूल धरावं तसे. आणि त्यांच्या बाजूनं गार लागायला लागलं. म्हणजे वारा नव्हे... फ्रीजचं दार कुणी उघडं टाकलं की पायांना कसं लागतं, तसं. मी शर्टाची बाही खाली केली. म्हटलं, वय झालं आपलं.

पाटीवर एकेचाळीस आला. काउंटरच्या खिडकीतल्या बाई ओरडल्या, "एकेचाळीस!" कुणी उठेना. "एकेचाळीस नाही? चला, बेचाळीस!" माझी नजर गेली काकांच्या खिशावर. खिशात अर्ज, अर्जावर चिठ्ठी, चिठ्ठीवर एकेचाळीस! मी म्हटलं, "अहो काका, तुमचा नंबर!" नाही. डोळे अर्धवट उघडे. काही म्हाताऱ्यांना सवय असते तसं झोपायची. म्हटलं, माणसानं आपल्याला बसायला जागा दिली, आपण एवढं करायला नको? अर्ज काढला खिशातून आणि गेलो खिडकीशी.

बाईंची मान खाली. मी म्हटलं, "हा एकेचाळीस."

"व्यक्ती समक्ष पाहिजे."

"समक्षच आहेत. ते बघा, मागे कोपऱ्यात. जरा मान वर करा की!"

मान वर? छे! बाई अर्जाशीच बोलताहेत. "उठता येत नाही का त्यांना?"

"वय झालंय."

"मग हात वर करायला सांगा."

मी वळलो, आणि त्या सगळ्या रडण्याच्या आणि क्रिकेटच्या आवाजावर आवाज चढवून ओरडलो, "काका! हात वर करा!"

...

हात वर झाला.

तुम्हाला शप्पथ सांगतो. मी पाहिला. उजवा हात हेल्मेटवरून सुटला आणि हळूहळू वर गेला, वर्गात मास्तरांनी हजेरी घेताना करतात ना, तसा सरळ. नजर पाटीवरच. चेहरा तसाच. नुसता हात. कोपर सुद्धा वाकलं नाही. दोन क्षण राहिला आणि खाली येऊन पुन्हा हेल्मेटवर बसला. साठ माणसं होती हॉलमध्ये. एकानंही मान वर करून पाहिलं नाही! कोण बघणार? ज्याचा तो ज्याच्या त्याच्या फोनमध्ये!

"केला," मी म्हटलं.

"तुम्ही पाहिलात?"

"पाहिला."

"मग इथे साक्षीदार म्हणून सही करा. समक्ष पाहिले, हयात आहेत."

मी केली सही. धप्पकन शिक्का बसला. वर वेळ छापून आली, बारा सत्तेचाळीस. मी म्हटलं, "आलोच आहे तर माझाही घ्या ना, सत्याऐंशी." बाई म्हणाल्या, "समोर लिहिलंय, नंबरप्रमाणे." आता यावर मी जास्त बोललो नाही, कारण... खरं सांगू? बस आगारात एकतीस वर्षं मी चौकशीच्या खिडकीत होतो. 'समोर लिहिलंय' हे वाक्य मीच किती लोकांना ऐकवलंय त्याला गणती नाही. पण मी निदान जोरात म्हणायचो, लांबच्यालाही ऐकू जायचं!

परत आलो, दाखला काकांच्या खिशात ठेवला. म्हटलं, "झालं तुमचं काम."

आणि पुन्हा तोच आवाज. कपाटातला.

"आभारी आहे."

तेवढं म्हणून त्यांचं डोकं कलंडलं आणि माझ्या खांद्यावर येऊन टेकलं. जड! आता काय करायचं? ढकलायचं? साधं 'या, बसा' म्हणायला कुणी तयार नाही अशा जगात एक माणूस आपल्याला जागा देतो, आभार मानतो, त्याला डुलकी लागली तर खांदा काढून घ्यायचा? तसाच बसून राहिलो. पाऊण तास. खांद्याला मुंग्या आल्या, मग मुंग्याही गेल्या. तो गारवा शर्टातून आत, हाडापर्यंत. मी डबासुद्धा उघडला नाही, त्यांची झोप मोडेल म्हणून.

जेवणाच्या सुट्टीत पहारेकरी आला. "चला, हॉल रिकामा करा! ओ आजोबा!" आणि त्यानं त्यांना हलवलं. ते जसे बसले होते तसेच, गुडघे दुमडलेले, कुशीवर पडले. एखादं खेळणं आडवं करावं तसे.

पहिल्या मजल्यावर एक दवाखाना आहे, तिथल्या डॉक्टरीणबाई धावत आल्या. मनगट पाहिलं, डोळे पाहिले, जबडा चाचपला आणि म्हणाल्या, "यांना जाऊन बराच वेळ झाला. अकराच्या आधीच गेलेत हे."

मी म्हटलं, "डॉक्टर, अकरा नाही. पावणेएक. पावणेएकला बोलले माझ्याशी."

त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जसं मलाच काहीतरी झालंय! आणि मागून तो दणकट तरुण, "अहो, माझं हेल्मेट!" काकांची बोटं सुटेनात. एकेक बोट सोडवावं लागलं. तो उभा, आणि घड्याळ बघतोय!

पुढचं ऐका. तीन दिवसांनी त्या कचेरीच्या साहेबांचं बोलावणं. साहेबांच्या केबिनमध्ये तरी खुर्च्या रिकाम्या होत्या, पण साधं 'या, बसा' म्हणायला काय जातं... तेवढंही म्हणाले नाहीत. मला उभं ठेवूनच विचारलं, "डॉक्टर म्हणतात अकरा, शिक्का बारा सत्तेचाळीसचा, साक्षीदार तुम्ही. मेलेल्या माणसाला हयात ठरवलंत?"

"साहेब, त्यांनी हात वर केला."

"कुणी पाहिला?"

"मी."

"आणखी?"

आता आणखी कुणाचं नाव सांगू? साहेबांनी कोरा कागद पुढे सरकवला. "नजरचुकीने सही झाली, असं लिहून द्या. विषय संपेल. नाहीतर चौकशी, आणि चौकशी संपेपर्यंत तुमचाही दाखला मिळणार नाही."

मी पेन घेऊन उभा. डोळ्यांसमोर तो हात. वर जाणारा, न वाकणारा. तुम्ही काय केलं असतं? मोठ्या गप्पा मारू नका. मी लिहिलं, 'नजरचुकीने.' आणि घरी येईपर्यंत उजव्या खांद्यात तो गारवा तसाच होता. गरम पाण्यानं शेकलं, मलम चोळलं, जात नाही. बायकोनं हात लावून पाहिला. म्हणाली, "अहो, खरंच गार आहे." मग तिनं पुन्हा हात लावला नाही.

रविवारी दुपारी चारला दारावर टकटक. पन्नाशीच्या बाई, डोळे सुजलेले. त्या काकांची मुलगी. शाळेत गणित शिकवते म्हणाली. एकटीच आली होती.

"काका, शेवटी तुम्हीच होतात त्यांच्याजवळ. मला फक्त एवढंच विचारायचंय, ते काही बोलले का?"

मी बायकोकडे पाहिलं. साहेबांना लिहून दिलं होतं नजरचुकीनं, पण या पोरीला काय सांगू? म्हटलं, "बोलले. मला म्हणाले, या, बसा."

ती म्हणाली, "तुम्ही दुसऱ्याच कुणाजवळ बसला असाल."

"का?"

"माझे बाबा? या, बसा? काका, ते जन्मात कुणाला बस म्हणाले नाहीत. माझे मिस्टर पहिल्यांदा घरी आले, तर चाळीस मिनिटं दारात उभे होते. बाबा पेपर वाचत होते. शेजारी आमच्याकडे यायचे बंद झाले. आई आजारी होती, तिच्या उशाशी पाणी ठेवायचे, पण तेही भांडं आपटून."

मी म्हटलं, "आभारी आहे, असंही म्हणाले."

यावर ती उठूनच उभी राहिली. "नाही. ते नाहीच. आई रोज ताट वाढायची, चव्वेचाळीस वर्षं. एकदासुद्धा..." मग म्हणाली, "कसं म्हणाले? तसंच म्हणून दाखवाल?"

आता मी काय नकलाकार आहे? पण म्हणून दाखवलं. आणि तुम्हाला सांगतो, माझ्या तोंडून जो आवाज निघाला ना, तो माझा नव्हता. हळू, खोल, बंद कपाटातला. "आभारी आहे."

तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"परत म्हणा."

म्हटलं परत.

"आणखी एकदा."

तिसऱ्यांदा म्हटलं, तेव्हा ती मटकन खाली बसली आणि लहान मुलीसारखी रडली. म्हणाली, "आवाज त्यांचाच आहे, काका. पण शब्द... हे शब्द त्यांनी कुठून आणले?"

बायकोनं तिला पाणी दिलं, जवळ घेतलं. संध्याकाळी ती गेली. जाताना वळून म्हणाली, "आईला फोटोसमोर जाऊन सांगते."

आणि गंमत बघा, तेवढ्या बोलण्यात माझ्या खांद्यातला गारवा उतरला. ऊब आली. मी दाराशीच उभा. बायकोला म्हटलं, "अगं, म्हणजे बघ, सगळा जन्म ज्या माणसानं कुणाला धड उत्तर दिलं नाही, तो मेल्यावर दोन तासांत इतका सुधारला!"

ती शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली,

"चला, म्हणजे तुमचीही आशा सोडायला नको."