तासभराचं एक वाक्य

मोलगीला जाणारी जीप अजून भरायची होती. समोरच्या बाकावरच्या मुलीनं एक झेरॉक्स माझ्या शेजारच्या सरांपुढे धरली.

"सर, हे तुमच्या पीएचडीतलं पान ना? मी रेवाबाईची मुलगी, गायत्री."

"अरे वा! कशा आहेत त्या?"

"‘रेशनबद्दल तक्रार नाही’ असं आई कधी म्हणाली?"

"मुलाखतीत."

"मुलाखतीत ती तासभर रेशनवरूनच भांडत होती, सर. आमच्या पावरी बोलीत!"

"मला पावरी येत नाही गं. दुभाष्यानं सांगितलं तेच लिहिलं."

"तासभराचं एकच वाक्य? शंका नाही आली?"

"तुमच्याच पाड्यावरचा होता. मराठी छान बोलायचा."

"बोलेल नाहीतर काय! रेशन दुकान त्याचंच आहे. आईच्या तक्रारीच्या चौकशीत ही झेरॉक्स त्यानंच पुरावा म्हणून दिलीय."