हरिहरवर अडकलेली पेटी

हरिहर गड मला सांगूच नका, सात वेळा चढलोय मी! पण दिंडोरीच्या बाळूभाऊंसारखा द्राक्षबागाईतदार सोबत असला की आपला अनुभव गेला चुलीत. आम्ही आठ जण, आणि यांनी पाठीवर दोरीने द्राक्षांची पुठ्ठ्याची पेटी बांधलेली.

"सॅकमध्ये टाका की," मी म्हटलं.

"मणी फुटतात."

उभ्या पायऱ्या भाऊ झपाझप चढले. वर कातळाखालून वाकून सरकायची वाट आहे, तिथे पेटी अशी अडकली की भाऊंना पुढेही जाता येईना आणि मागेही. त्यांच्या मागे मी, आणि खाली पायऱ्यांवर सहा जण खोबणीत बोटं घालून खोळंबलेले.

"दोरी कापतो भाऊ, जाऊ द्या पेटी दरीत!"

"द्राक्षं लेकरासारखी सांभाळलीत. कापून तर बघ!"

मग मी एकेक घड काढून खाली देत गेलो. सगळ्यांनी एका हाताने खोबण धरली आणि दुसऱ्याने द्राक्षं खाल्ली. रिकामी पेटी मी चेपायला घेतली. भाऊंना मान वळवता येत नव्हती, तरी कातळाखालून आवाज आला, "अरे, गोड हायेत का ते तरी सांगा!"