अठरा पायऱ्या

(हैदराबाद. शनिवारची सकाळ. कोटेश्वररावांच्या टेबलावर त्यांचा लॅपटॉप आणि त्याच्या दोन बाजूंना सून हिमानं आणलेले दोन मोठे मॉनिटर.)

हिमा : मी उजवीकडे न्या म्हटलं, मामय्या. बाण डावीकडे कुठं चाललाय?

कोटेश्वरराव : मी काही केलं नाही. तू आत गेलीस तेव्हा फक्त दोघांच्या जागा बदलल्या. जड असेल तो नैऋत्येला हवा.

हिमा : मॉनिटरला पण वास्तू?

कोटेश्वरराव : घराला असते, टेबलाला का नको? एकतीस वर्षं घरांचे नकाशे तपासतोय मी.

हिमा : बसू दे त्याला नैऋत्येला. पण कोण कुठं बसलाय ते लॅपटॉपला सांगावं लागतं. हं, सांगितलं. आता न्या.

कोटेश्वरराव : गेला बरोबर. पेसरट्टू गार होतोय तुझा, खाऊन घे आधी.

हिमा : हा नकाशा तेवढा लॅपटॉपवर ओढून बघते. अय्यो. हे काय आहे? मॉनिटरवर नीट दिसत होतं, इथं आल्यावर नुसत्या मुंग्या.

कोटेश्वरराव : बारीक काम आहे त्या पडद्याचं. महागाचा आहे. नोकरीला तीस वर्षं झाली म्हणून आमच्या साहेबांनी, रेड्डी गारूंनी, सगळ्यांसमोर हातात दिला.

हिमा : बारीक आहे म्हणूनच त्याला अक्षरं मोठी करून लागतात. अडीचशे टक्क्यांवर हवं, तुमच्याकडे शंभरवर आहे. कोणी केलं हे?

कोटेश्वरराव : असेल कोणीतरी.

हिमा : मामय्या, तुम्हाला हे वाचता येतं?

कोटेश्वरराव : येतं की. सवयीनं येतं.

हिमा : मग सांगा, जिन्याला किती पायऱ्या?

कोटेश्वरराव : सतरा.

हिमा : बघून सांगा.

कोटेश्वरराव : बघायचं काय त्यात? जिना विषमच असतो. उजवा पाय टाकून चढायचं, उजव्यानंच वर पोचायचं. एवढ्या उंचीला सतराच.

हिमा : इथं अठरा लिहिलंय.

कोटेश्वरराव : दे इकडे तो माउस. बंद करतो ते.

हिमा : थांबा. हे करीमनगरचं घर ना? मालकानं ओतलेला जिना फोडला तेच? नकाशा काढणाऱ्या तुमच्या ऑफिसातल्या स्वरूपानं तुम्ही तपासल्यावर आकडा बदलला, असं सांगत होतात तुम्ही.

कोटेश्वरराव : हिमा, बंद कर.

हिमा : खाली तुमची सही आहे, मामय्या. अठराच्याच नकाशावर.

कोटेश्वरराव : माहीत आहे मला.

हिमा : कधीपासून?

कोटेश्वरराव : सोमवारपासून. रेड्डी गारूंनी सगळ्यांना उभं केलं आणि मला विचारलं, "तुम्ही डोळ्यांत तेल घालून बघता ना हो?" मी म्हटलं, मी बघितला तेव्हा सतरा होत्या. घरी येऊन चाळिशी लावून, नाक टेकवून पडदा वाचला. अठरा. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हिमा : आणि मंगळवारपासून तुमचा गुडघा दुखायला लागला.

कोटेश्वरराव : ऑफिसात स्वरूपासमोर बसणार कसा? टेबलाला टेबल लागून आहे.

हिमा : अक्षरं मोठी करायला काय झालं होतं?

कोटेश्वरराव : होती पहिल्या दिवशी. पोरं हसली. "बालवाडीची पाटी आली" म्हणाली. मी पण हसलो, आणि सगळे जेवायला गेल्यावर बारीक करून टाकली. झाकली मूठ सव्वा लाखाची. तीन महिने राहिलेत निवृत्तीला, तेवढे काढू म्हटलं.

हिमा : नकाशा तेवढा मोठा करून बघायचा.

कोटेश्वरराव : मागून कोणी बघितलं तर? म्हातारा एकेक खोली डोळ्याला लावून बसलाय म्हणतील. लाज वाटायची मला. आताही वाटतेय, तुझ्यासमोर.

हिमा : स्वरूपाचं काय होणार?

कोटेश्वरराव : काढून टाकलं तिला, आज शेवटचा दिवस. टेबल आवरायला आली असेल.

हिमा : तीन महिने तुमचे काढायचेत, आणि तिचे?

कोटेश्वरराव : बोलू नकोस. फोन लाव तिला. आकडे दिसत नाहीत मला, तूच लाव.

स्वरूपा : नमस्कारम सर. गुडघा कसा आहे?

कोटेश्वरराव : गुडघ्याला काही झालेलं नाही, अम्मा. ऐक. तो नकाशा मी वाचलाच नव्हता. मला तो पडदा वाचता येत नाही. दीड वर्ष झालं.

स्वरूपा : माहीत आहे, सर.

कोटेश्वरराव : काय माहीत आहे?

स्वरूपा : तेच. म्हणून तर पायऱ्या, दारं, खिडक्या मी वेगळ्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून नकाशासोबत लावायची. करीमनगरच्या वेळी घाई होती, पान लावायचं राहिलं. ते केलं असतं तर माझी चूक मलाच दिसली असती.

कोटेश्वरराव : ते पान... मला वाटायचं, तुझी पद्धत आहे ती.

स्वरूपा : इतरांच्या नकाशांना नव्हतं लावत, सर.

कोटेश्वरराव : मग सोमवारी बोलली का नाहीस? एवढं ऐकून घेतलंस.

स्वरूपा : काय बोलणार? सगळ्यांसमोर सांगू, की सरांना दिसत नाही? रेघ ओढायला तुम्ही शिकवलंत मला. जाऊ दे, सर. अठरा मीच काढल्या होत्या.

कोटेश्वरराव : अठरा काढणं ही चूक होती. सतरा बघितल्या म्हणणं, ते मी केलं. रेड्डी गारू आहेत का तिथं?

स्वरूपा : आहेत. पण नको सर, तुमचा सत्कार ठरलाय...

कोटेश्वरराव : त्यांना बोलाव. सोमवारी जेवढे उभे होते तेवढ्या सगळ्यांना बोलाव. आणि फोन हातात धरू नकोस, अम्मा. आवाज मोठा करून मध्ये टेबलावर ठेव.