मनीच्या गोधडीवरचे दाणे

राव, आमच्या तळेघर गावात तांदळाचा दाणा वाया गेलेला आईला खपत न्हाई. आमची मांजर मनी खायची लई, पण अंगी लागत नव्हतं. ती उठली की तिच्या गोधडीवर चार-पाच तांदूळ दिसायचे. आई म्हणायची, "मेली तांदळाच्या डब्यात लोळून येती."

एक दिवस त्यातला एक दाणा हलला. मी मनीला पिशवीत घातली आन् घोडेगावला जनावरांच्या दवाखान्यात नेली. डॉक्टर शेपटीखाली बघून म्हणाले, "हे तांदूळ नाहीत, पोटातल्या जंताचे तुकडे आहेत. गोळी देतो, बरी होईल."

घरी येऊन आईला विचारलं, "रोजचे दाणे कुठं टाकले गं?"

"टाकीन कशाला? अन्न हाय. परत डब्यात घातले."

मनी आता गुबगुबीत झालीय. आमी मातर तवापासून नाचणीची भाकरीच खातोय.