ओल्या चादरीचं वजन

बसच्या रांगेत माझ्यापुढे दोन नर्स उभ्या होत्या, एक पिकल्या केसांची आणि एक नवखी. दोघी कसल्याशा प्रशिक्षणातून परतत होत्या.

"ताई, एवढं मनाला लावून घेऊ नका. चादरीवर लाल पाणीच तर ओतलं होतं त्यांनी."

"लिटरभर ओतलं होतं. मी अर्धा म्हणाले."

"सगळ्यांनीच कमी सांगितलं."

"सगळ्यांची तीस वर्षं नाही झाली गं. बाळंतिणीचं किती रक्त गेलं, ते मी आजवर नुसतं बघूनच लिहीत आले."

"म्हणून तर आता काट्यावर ठेवायला सांगतायत. ओल्या चादरीच्या वजनातून कोरडीचं वजा करायचं, झालं."

"हो, झालं."

"आपल्या वॉर्डातल्या सफाईच्या मावशींनी मात्र नुसती उचलून बरोबर सांगितलं हं!"

"जन्म गेला तिचा त्या चादरी पिळण्यात."

"आणि आजवर कुणी त्यांना विचारलंसुद्धा नाही."

"विचारायचं कशाला? मागे एक बाळंतीण माझ्या हातातून गेली ना, त्या दिवशी मावशीनं आपणहून सांगितलं होतं. 'बाई, चादर फार जड लागतेय.'"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, जड लागतेय तर दोघी मिळून उचला."